चार नंबरचा रस्ता

साताऱ्यात वाढलेल्या आमच्या पिढीला मोठा रस्ता म्हणून माहीत होता तो एकच, आणि त्याला सगळे पी. बी. रोड म्हणत. पूना-बेंगलोरची ही आद्याक्षरं साहेबाच्या वेळेपासून साताऱ्याहून थेट हुबळी-दावणगेरेपर्यंत लोकांच्या तोंडी बसलेली. पण हाच रस्ता पुण्यात शिरला की सातारा रोड व्हायचा, साताऱ्याहून वर निघालेल्या माणसाला तो पुणे रोड असायचा, कराडकडे तोंड केलं की कोल्हापूर रोड, आणि भल्या पहाटे वैरणीला निघालेल्या आसपासच्या गावच्या म्हाताऱ्यांना नुसतीच सडक. ज्याचं तोंड जिकडे, तिकडचं नाव रस्त्याला. आणि त्यात कुणाचा घोटाळा झाल्याचं ऐकिवात नव्हतं. नावांच्या या दाटीत सरकारनं आपलाही एक आकडा बसवून दिला होता, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४. हा आकडा अख्ख्या आळीत आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे अशी वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी माझी पक्की समजूत होती, आणि खाकी चड्डीच्या खिशात हात घालून मी ती मोठ्या ऐटीत मिरवत असे.

ही विद्या आली होती शाळेच्या नकाशासंग्रहातून. त्यात रस्त्यांचं एक पान होतं. दमट कपाटात राहून त्याला डांबरगोळ्यांचा आणि जुन्या खळीचा मिळून एक वास लागलेला, आणि घडीवर कागद विरून नेमकं भोपाळ गायब झालेलं. देशभर लाल रेघा पसरलेल्या, आणि प्रत्येक रेघेच्या पोटात एक आकडा. १ दिल्लीहून अमृतसरला, २ दिल्लीहून कलकत्त्याला, ३ आग्र्याहून मुंबईला, ६ धुळ्याहून नागपूर-रायपूर करत कलकत्त्याला, ८ दिल्लीहून जयपूर-अमदाबाद करत मुंबईला, ९ पुण्याहून सोलापूर-हैदराबाद करत विजयवाड्याकडे. आणि आमचा ४, ठाण्याजवळ ३ मधून फुटून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगलोर करत पार मद्रासला. दिवाळीत फराळाला पाहुणे आले की वडील हाक मारत, "हं, सांग बरं, सात नंबर कुठून कुठं?" मी हाताची घडी घालून एसटीच्या कंडक्टरच्या सुरात म्हणून दाखवी, "बनारस-कन्याकुमारी, मार्गे जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगलोर." पाहुणे चकलीचा तुकडा गालात धरून कौतुकानं मान हलवत, आणि आतून कढईच्या चर्र आवाजावर आईचा आवाज येई, "तेवढं सतरा-अठराच्या पाढ्याचं पण विचारा त्याला." पाहुण्यांना त्या आकड्यांत कितपत रस होता ते देव जाणे, मला मात्र आपण दिल्लीच्या दळणवळण खात्याचे साताऱ्यातले मुखत्यार आहोत असं वाटे.

या मुखत्यारीची खरी मजा एसटीत. ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या दांड्याला हनुवटी टेकवून बसायचं, म्हणजे दात आणि काचा एकाच लयीत वाजायच्या. डिझेलचा उग्र वास, उन्हानं तापलेल्या रेक्झिनचा वास, शेजारच्या आजींच्या पिशवीतली मेथी, मागच्या बाकावर कुणीतरी सोललेलं संत्रं, कंडक्टरच्या तिकीट पंचाची टकटक, आणि समोर वडांच्या कमानीतून उलगडत येणारा रस्ता. त्या वडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेले असत आणि प्रत्येकाला बांधकाम खात्याचा नंबर. पारंब्या बसच्या टपाला घासून जात तेव्हा झोपलेली माणसं दचकून जागी होत आणि "कुठं आलं?" म्हणून विचारत. उत्तर द्यायला मी तयारच असे, कारण माझं सगळं लक्ष रस्त्याकडेच्या दगडांवर.

त्या दगडांना सगळे मैलाचे दगड म्हणत, आणि ते दगड किलोमीटर सांगत. अंग पांढरं, वरचं गोल डोकं राष्ट्रीय महामार्गाला पिवळं, राज्य मार्गाला हिरवं. डोक्यावर मार्गाचा आकडा, पोटावर गावाचं नाव आणि अंतर. दर पाचवा दगड जरा थोराड. दोन दगडांच्या मधे दोनशे-दोनशे मीटरवर गुडघाभर उंचीचे छोटे दगड, त्यांच्यावर फक्त २, ४, ६, ८. गाडी खंबाटकीचा घाट चढताना पहिल्या गिअरमध्ये कण्हू लागली की ते एकेक दगड सावकाश जवळ येत, आणि मी ओठांतल्या ओठांत दोन, चार, सहा, आठ करत साताऱ्याला मीटरा-मीटरानं जवळ आणत असे. दगडावरचं नाव कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये. कागल ओलांडून निपाणीकडे गेलं की मधूनच गोल गरगरीत कानडी अक्षरं येत. ती वाचता येत नसत, पण डोक्यावरचा ४ तोच असे, आणि परमुलखात आपला माणूस भेटल्याचा आनंद मला होई.

सोपं मात्र यात काहीच नव्हतं. दगडांवर 'रा. म.' लिहिलेलं असलं तर तो राष्ट्रीय महामार्ग, 'रा. मा.' असलं तर राज्य मार्ग. सगळा फरक एका कान्याचा, आणि त्या कान्याचा रंग पावसानं धुऊन नेलेला असला तर संपलंच. त्यांच्या आगेमागे प्र. रा. मा., प्र. जि. मा., इ. जि. मा., ग्रा. मा. अशी सगळी भाऊबंदकी. एखाद्या फाट्यावर दोन रस्ते चार पावलं एकत्र चालून पुन्हा वेगळे होत, तिथं एकाच वळणावर दोन जातींचे दगड समोरासमोर उभे असत आणि दोघेही एकाच गावाचं अंतर वेगवेगळं सांगत. बरं, गावांनी तरी एक नाव एकदाच घ्यावं! एकाच चार नंबरवर दोन खंडाळे, एक बोरघाटाच्या डोक्यावरचं, हवा खायला जायचं, आणि दुसरं आमचं, खंबाटकीच्या पायथ्याचं, जिथं हवा होती पण ती खायला कुणी येत नसे. वाठार तर विचारूच नका. कोरेगावच्या बाजूला वाठार स्टेशन, कराडच्या पुढे रस्त्यावरच एक वाठार, कोल्हापूर जवळ आलं की आणखी एक वाठार. "वाठार आलं की उठवा" असं सांगून झोपणाऱ्या प्रवाशाला कंडक्टर झोपूच देत नसे. "कंचं वाठार?" हे आधी ठरे, मग डोळा लागे.

त्यातून माझं आजोळ खेडला. खेड शिवापूर नव्हे, पुण्याच्या वरचं भीमेकाठचं खेड म्हणजे राजगुरुनगर तेही नव्हे, तर कोकणातलं, जगबुडीच्या काठचं खेड. आमचे एक दूरचे मामा पुण्याहून दिवाळीला म्हणून निघाले ते भाच्यांची कपडे-खेळणी घेऊन रात्री भीमेकाठी उतरले, आणि तिथल्या एका अनोळखी कुटुंबात फराळ करून, मुक्काम ठोकून, दुसऱ्या दिवशी मोठ्या समाधानानं परतले. त्यांचं म्हणणं, चिवडा त्या खेडचा चांगला होता. आम्ही साताऱ्याहून जायचो ते महाबळेश्वरवरून, आंबेनळीच्या घाटानं उतरून. पोलादपूरला लाल धुळीचा, ओल्या पाचोळ्याचा आणि कुठंतरी पेटलेल्या चुलीचा वास एकदम अंगावर येई, आणि तिथं भेटे तो १७. पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर चार नंबरपासून सुटलेला, पेण, वडखळ, नागोठणे, माणगाव, महाड करत आलेला, आणि पुढे कशेडी घाट चढून खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, कणकवली, सावंतवाडी करत गोव्यात आणि त्याहीपुढे केरळात जाणारा. चाराच्या मानानं हा रस्ता अंगानं बारीक, वळणांनी हैराण करणारा, पावसाळ्यात खड्ड्यांनी आणि दरडींनी बदनाम. पण आजोबांच्या अंगणात रात्री झोपाळ्यावर पडलं की दूर कशेडीत गिअर बदलणाऱ्या ट्रकचा आवाज येई, आणि १७ हा आकडा माझ्या लेखी सुट्टीचं दुसरं नाव होऊन बसला. घरात त्याला कुणी १७ म्हणत नसे, ते म्हणत "गोवा रोड". आजोबा तर तेही म्हणत नसत; त्यांच्या बोलण्यात रस्ता म्हणजे "वरचा रस्ता", आणि एवढं सांगणं त्यांना पुरेसं होतं.

याच सुमारास केव्हातरी मला तो पेंटर भेटला. नागठाण्याच्या अलीकडे एका नातेवाइकांच्या मळ्यात आम्ही गुऱ्हाळाला गेलो होतो. काहिलीतून उकळत्या रसाची वाफ येत होती, मळीचा फेस काढणाऱ्याच्या कपाळावर घाम आणि गोडवा दोन्ही चिकटलेलं, आणि पोरं उसाच्या कांड्यावर गरम काकवी घेऊन फुंकर मारत बसलेली. मी तेवढ्यात बांध ओलांडून रस्त्यावर पळालो. तिथं डालड्याच्या पालथ्या डब्यावर एक माणूस बसला होता, डोक्याला टॉवेल, पायाशी पिवळ्या, पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे तीन डबे, आणि टर्पेंटाईनचा असा सणसणीत वास की गुऱ्हाळाचा गोडवा त्यापुढे पळाला. त्यानं दगड आधी तारेच्या ब्रशनं खरवडला, चुना झाडून काढला, पांढरा हात मारून तो वाळेपर्यंत विडी ओढली. मग सुताला कोळशाची पूड लावून दगडावर ताणलं आणि चिमटीनं टण्णकन सोडलं. पांढऱ्यावर काळी सरळ रेघ उमटली. त्या रेघेवर त्यानं 'सातारा' हे नाव लिहायला घेतलं. शिरोरेघ शेवटी मारायची, असं तो मला उगीचच सांगत होता. सगळ्यात शेवटी पिवळ्या डोक्यावर आकडा. त्याचा ४ एका दमात उतरे, ब्रश उचललाही जात नसे.

मी विचारलं, "आकडा चुकला तर?"

"आकडा चुकला तर सायब बघत न्हाई, बाळ," तो ब्रश डब्याच्या काठाला निपटत म्हणाला. "गावाचं नाव चुकलं तर मात्र गाववालं दगड उपटून टाकत्यात."

माझ्या मुखत्यारीला हा पहिला धक्का. पण आकड्यांवरची माझी भक्ती त्यानं कमी झाली नाही, उलट आकड्यांना या जगात कुणी वाली नाही, तेव्हा आपणच त्यांच्याकडे पाहिलं पाहिजे, असं मी मनाशी घेतलं. कॉलेजात असताना मित्रांना पत्रं लिहायचो तीसुद्धा वर "मुक्काम: रा. म. ४" असं घालून. एका मैत्रिणीनं उत्तरादाखल वर "मुक्काम: घर नंबर ४, गुरुवार पेठ" असं लिहून धाडलं. त्यातली थट्टा लक्षात यायला मला बराच काळ जावा लागला. तोवर ती लग्न होऊन तीन नंबरवर, नाशकाला गेली होती.

मग रस्ता मोठा होऊ लागला. स्वर्णिम चतुर्भुज नावाची योजना आली. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कलकत्ता यांना चौपदरी रस्त्यांनी जोडायचं, आणि मुंबई-चेन्नईची बाजू म्हणजे आमचाच चार नंबर. वड गेले. ज्या दिवशी लिंब खिंडीकडचे वड पाडले त्या दिवशी ओल्या लाकडाचा आणि चिकाचा वास गाडीच्या काचा बंद करूनही आत येत होता, आणि खालच्या मातीला इतकं ऊन पहिल्यांदाच लागत होतं. वाईट वाटलं, आणि त्याच आठवड्यात पुण्याला लवकर पोचलो म्हणून बरंही वाटलं, दोन्ही खरं. कात्रजचा जुना बोगदा, जिथं प्रत्येक ड्रायव्हर विनाकारण हॉर्न वाजवे आणि बसमधली यच्चयावत पोरं "होऽऽ" करून ओरडत, तो आडवाटेचा झाला, आणि महामार्गाला नवा बोगदा, नवा वळणरस्ता मिळाला. खंबाटकीत साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगदा आणि जाताना घाट असं झालं, त्यामुळे एकाच डोंगराची ओळख जाताना वेगळी आणि येताना वेगळी पटू लागली. दगडांची जागा हिरव्या पाट्यांनी घेतली, रात्री दिव्याच्या झोतात चमकणाऱ्या, मराठी-इंग्रजी दोन्हीत सांगणाऱ्या. आणि नेमक्या फाट्यावरच्या पाटीपुढे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर हात जोडलेले वीसेक शुभेच्छुक. सुरूर फाट्याकडे वळायचं की नाही हे पाहायला गेलं तर वाईऐवजी एखादा भावी सरपंच दिसे.

आणि २०१० साली आकडेच बदलले. केंद्र सरकारनं राजपत्रात देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांची नवी मोजणी जाहीर केली. जुनी मोजणी एकेक रस्ता येईल तसा वाढत गेलेली; फाटे फुटले की त्यांना अक्षरं चिकटवलेली, बेळगावहून अनमोड घाटानं पणजीला उतरणारा ४ अ, पळस्प्याहून न्हावा-शेवा बंदराला जाणारा ४ ब. नव्या मोजणीला मात्र डोकं होतं. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेला चढत जाणारे. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेला चढत जाणारे. आणि फाट्यांना तीन आकडी नंबर, ज्यातले शेवटचे दोन मूळ रस्त्याचे. म्हणजे ४ अ झाला ७४८, ४ ब झाला ३४८, आणि दोघंही ४८ ची लेकरं हे आकड्यावरूनच कळावं. कारण दिल्लीहून जयपूर, उदयपूर, अमदाबाद, सुरत करत मुंबईला येणारा जुना ८ आणि मुंबईच्या अंगानं निघून चेन्नईला जाणारा आमचा ४, हे दोन्ही एका सुतात ओवून त्याला नाव दिलं ४८. गोवा रोड, म्हणजे १७, केरळच्या टोकापर्यंत आणि तिथून कन्याकुमारीपर्यंत लांबवून झाला ६६. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला येणारा २०४ झाला १६६. पुणे-सोलापूरचा ९ झाला ६५. पुणे-नाशिकचा ५० झाला ६०.

इथवर ठीक. पण जुने आकडे रिकामे पडले म्हणून फेकून दिले नाहीत. चाळीत एक भाडेकरू सोडून जावा आणि त्याच खोलीवर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागावी, तसे ते दुसऱ्यांना दिले. जुना ४८ होता बंगलोरहून हासन आणि शिराडी घाट करत मंगलोरला जाणारा. जुना ६६ पाँडिचेरीहून कृष्णगिरीला. ५० हा आकडा पुणे-नाशिकचा सुटला तो नांदेडहून बिदर, गुलबर्गा, विजापूर करत चित्रदुर्गाला जाणाऱ्या रस्त्याला लागला. माझ्या गाडीच्या खणात वडिलांच्या वेळचा, घड्यांवर सेलोटेप लावलेला रस्त्यांचा नकाशा असे. समोर पाटीवर लिहिलेलं ४८, आणि नकाशात ४८ शोधावं तर बोट जाऊन पडे सकलेशपूरच्या कॉफीच्या बागांत. काही वर्षं तर सगळंच एकमेकांवर चढलेलं होतं. टोलनाक्याच्या नव्या पाटीवर ४८, शंभर पावलांवरच्या गवतात बुडालेल्या दगडावर ४, पंक्चरवाल्याच्या टायरवर खडूनं लिहिलेलं 'एन. एच. फोर', आणि ज्याला वाट विचारावी तो म्हणे, "पी. बी. रोडनं सरळ जावा." चारही बरोबर, चारही एकाच डांबरावर.

बोरघाटात तर हा प्रकार आकड्यांपुरता उरलेला नाही. २००२ साली पूर्ण झालेला एक्सप्रेसवे आणि जुना मुंबई-पुणे रस्ता घाटाच्या एका टप्प्यात एकत्र येतात, काही किलोमीटर एकमेकांच्या अंगावरून चालतात आणि खंडाळ्याकडे पुन्हा सुटतात. तिथं बाजूनं चाललेला ट्रक जुन्या रस्त्याचा की नव्या, हे ट्रकवाल्यालाच माहीत. पाट्या दोन्हींच्या, खाली दरी एकच, आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की पाट्याही गडप होऊन नुसते पिवळे इंडिकेटर लुकलुकत राहतात.

नव्या आकड्यांवर मी बरीच वर्षं रुसून होतो, हे कबूल करायला आता संकोच वाटत नाही. मी मुद्दाम "एन. एच. फोर" म्हणत असे, आणि ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्यानं अदबीनं "सर, फॉर्टी एट" म्हटलं की ऐकूच आलं नाही असं करत असे. त्या रुसव्याची धार बोथट केली एका ट्रक ड्रायव्हरनं. आषाढातली संध्याकाळ, खेड शिवापूरच्या पुढे टपरीवर पावसासाठी थांबलेलो, आल्याचा चहा, रॉकेलच्या स्टोव्हचा फरफर आवाज, कांदाभज्यांच्या कढईवर आपटणारे थेंब. शेजारी डोक्याला गमछा बांधलेला, मिशा पिळदार असलेला एक गृहस्थ. गाडीवर राजस्थानचा नंबर. मी उगीच विचारलं, कुठून? म्हणाला, जयपूरहून, बंगळूरला मार्बल घेऊन. रस्ता सापडायला अडचण येत नाही का, भाषा बदलते, पाट्या बदलतात? तो हसला. "अडतालीस पकडा है साब. घर से निकला तब भी अडतालीस, यहाँ भी अडतालीस. पाटी पढना किसको आता है, नंबर पढता हूँ."

माझ्या आकड्याला एवढ्या आपुलकीनं कुणी कधी बोलावलं नव्हतं. पेंटरनंही नाही, वडिलांच्या पाहुण्यांनी तर नाहीच. मी ज्या रस्त्याला साताऱ्याचा समजत होतो तो या माणसाच्या घराच्या दारातून निघत होता. गावाची नावं गावाला कळतात. लांबून आलेल्याला, वाचता न येणाऱ्याला हात धरून न्यायला आकडाच लागतो, हे दगडांचं गणित लहानपणी पाठ करणाऱ्या मला एका मार्बलच्या ट्रकनं समजावून दिलं. भज्यांचे पैसे मी दिले. तो नको-नको म्हणाला, पण तोवर पाऊस उघडला होता.

तेव्हापासून दोन्हीकडे माझं जमलं आहे. ज्ञानोबांची पालखी ज्या वाटेनं जाते, दिवेघाट, सासवड, जेजुरी, फलटण करत पंढरपूरला, त्या रस्त्याला आता ९६५ हा आकडा आहे, आणि कुठलाही वारकरी तो उच्चारणार नाही याबद्दल मी निश्चिंत आहे. नागपूर-मुंबईचा नवा, ७०१ किलोमीटरचा रस्ता तर लोकांनी लांबलचक अधिकृत नावासकट बाजूला ठेवून नुसता "समृद्धी" करून टाकला. म्हणजे नाव ठेवायची आमची जुनी खोड शाबूत आहे, आणि सरकारची मोजायची खोडही. फोनमधली बाई "एन. एच. अठ्ठेचाळीसवर डावीकडे राहा" म्हणते तेव्हा मी मुकाट्यानं डावीकडे राहतो. एवढंच की वाढे फाट्याजवळ ती थोडी गोंधळते, पुलाखालून की पुलावरून हे तिला वेळेवर ठरवता येत नाही, आणि तेव्हा मी माझ्या बुद्धीनं गाडी घालतो. तिथं मात्र मी अजूनही मुखत्यार आहे.

मधे एकदा उगीच कुतूहल म्हणून शोधून काढलं की माझे जुने आकडे गेले कुठं. १७ मजेत आहे. सिलिगुडीजवळच्या सेवोकहून निघून कूचबिहार, धुबडी करत तो गुवाहाटीला जातो, म्हणजे आजोळच्या पावसाला साजेशाच मुलखात पडला. ९ हिमालयाच्या बाजूला, पिथोरागडाकडे. आणि ४? ४ अंदमानात आहे. जुना २२३ क्रमांकाचा अंदमान ट्रंक रोड आता राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणून ओळखला जातो. पोर्ट ब्लेअरहून निघतो, जंगलांतून आणि खाड्यांवरून मायाबंदर-डिगलीपूरकडे जातो. त्या पोर्ट ब्लेअरचंही नाव २०२४ साली श्री विजयपुरम झालं, तेव्हा बदललेल्या नावाच्या गावातून बदललेल्या आकड्याचा रस्ता निघतो, आणि दोघांची सोबत बरी जमत असणार.

परवा फराळाचे डबे भरताना मी बायकोला म्हटलं, "या हिवाळ्यात अंदमानला जाऊन येऊ. चार नंबर बघायचाय."

"रस्ता बघायला?" तिनं लाडवांच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. "समुद्र ओलांडून चारला भेटायला जाणार, आणि अठ्ठेचाळीसवर दोन तासांवर आई बसल्यात, त्यांना महिनाभर नुसते फोन. आधी हे डबे साताऱ्याला पोचवा."

मी किल्ली घेतली. "कुठल्या रस्त्यानं जाऊ?" मी विचारलं.

"तुम्हाला हवा तो नंबर लावा," ती म्हणाली, "पण टोलचं कार्ड भरलंय का ते आधी बघा."